बॉयलरमागचं गवत

डॉ. श्रीरंग मोघे यांनी मला फसवलं. मोघ्यांना सांता क्लाराच्या अमेयने फसवलं, असं मोघे म्हणतात. अमेयला कोणी फसवलं नाही. तो आपला आपणच फसला आणि त्यालाच त्याने कंपनी असं नाव दिलं. या सगळ्या प्रकरणात जिने कोणालाही फसवलं नाही अशी एकच बाई होती, ती म्हणजे बुरशी. लेख तिच्याबद्दल आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी मला 'परदेशात रुजलेली माणसं' या विभागासाठी लिहायला सांगितलं. फोनवर म्हणाल्या, "काका, थोडं इन्स्पायरिंग असू दे हं. आधी स्ट्रगल, मग सक्सेस." मी म्हटलं, "बाई, स्ट्रगल हवा तेवढा देतो. सक्सेस जुलैमध्ये वाळून गेलं." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मंडळातल्या बहुतेकांची कामं संगणकावरची. माझं काम मातीतलं. ॲन आर्बरच्या दक्षिणेला मी भाड्याची काचघरं चालवतो आणि रोपं विकतो, मुख्यतः टोमॅटोची. मी मूळचा नारायणगावाकडचा. टोमॅटोच्या बाजारात क्रेटवर बसून लहानाचा मोठा झालो, त्यामुळे अमेरिकेत आल्यावर मला दोनच गोष्टी येत होत्या: टोमॅटो आणि घासाघीस. पहिलीवर पोट भरलं, दुसरीवर काचघरं मिळाली. इथल्या म्हाताऱ्या मालकाकडे मी ट्रे धुवायला लागलो आणि शेवटी त्याच्याकडूनच जागा भाड्याने घेतली. त्या सौद्याला अख्खा हिवाळा गेला. म्हातारा मरताना बायकोला म्हणाला म्हणे, "त्या इंडियनशी बोलताना हातातलं काम सोडू नकोस, वेळ फुकट जाईल."

बाहेरच्या लोकांना वाटतं, रोप विकणं म्हणजे पैसे घ्या, ट्रे द्या, विषय संपला. तसं नसतं. शेतकरी हिवाळ्यात मला सांगतो, अमुक वाणाची एवढी रोपं. मी बाहेर बर्फ असताना बी पेरतो, वाढवतो, मग हळूहळू दारं उघडून रोपांना गारठ्याची सवय लावतो. मेच्या शेवटी ती त्याच्या शेतात जातात. काही चुकलं असेल तर ते कळतं जुलैमध्ये, आणि तेव्हा पुन्हा लावायला मोसम उरलेला नसतो. म्हणून रोपं विकणारा माणूस जुलैपर्यंत जामिनावर असतो.

आपली मंडळी माझ्याकडे येतात ती दोन रोपं घ्यायला. मेच्या पहिल्या आठवड्यात जरा ऊन पडलं की त्यांना वाटतं उन्हाळा आला. मी सांगतो, अजून रात्री पाणी गोठतंय, थांबा. ते ऐकत नाहीत, रोपं नेतात आणि पुढच्या शनिवारी काळी पडलेली रोपं घेऊन येतात. "काका, हे डिफेक्टिव्ह होतं." एका नागपूरच्या इंजिनिअरने तर एका रोपाची वॉरंटी मागितली. मी म्हटलं, "तुमच्या सॉफ्टवेअरला जेवढी असते तेवढी माझ्याकडून." त्याने रोप गुपचूप गाडीत ठेवलं.

माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे अर्ल. त्याच्या शेतात प्लास्टिकचे मोठे टनेल आहेत आणि त्यांत तो टोमॅटो घ्यायचा. वाण त्याच्या बापाने राखलेलं: मोठं, गुलाबी, वेडंवाकडं फळ. शनिवारच्या बाजारात लोक त्याच्यासाठी रांग लावत. बी अर्लचं, रोपं माझी. अर्ल फार बोलत नाही. मला तो 'डॅट' म्हणतो; दत्तात्रय म्हणायला त्याला वेळ नाही.

अर्लच्या जमिनीत मर रोग होता. तो काय असतो ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यामुळे झाली. मातीत एक वाईट बुरशी असते. ती मुळांतून शिरते आणि झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते. झाड दुपारी एका बाजूने मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि एक दिवस सावरत नाही. खोड तिरकं कापलं तर आत तपकिरी कडं दिसतं. औषध नाही. नव्या संकरित वाणांना हा रोग लागत नाही, पण त्या टोमॅटोंना अर्ल बेसबॉल म्हणायचा. आधी तो मातीत एक विषारी गॅस सोडायचा, त्याने चांगलं-वाईट सगळंच मरायचं. सरकार तो गॅस बंद करत आणत होतं. "गॅस गेला की मी मका लावणार," अर्ल म्हणायचा. टोमॅटोवाल्याने मका लावला की तो रिटायर झाला असं आमच्याकडे समजतात.

मोघे माझ्याकडे पहिल्यांदा आले ते कोथिंबिरीची रोपं मागायला. विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करणारा, तिशीतला, पुण्याचा माणूस. चपला काढून काचघरात यायला निघाला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा फार सभ्य आहे. रोपं घेऊन परत निघाला आणि बॉयलरच्या खोलीमागे जाऊन उकिडवा बसला.

तिथे बॉयलरचं जास्तीचं गरम पाणी बाहेर वाहायचं. बर्फ वितळवायला हिवाळ्यात रस्त्यावर टाकायच्या मिठाचा ढीगही तिथेच. त्या खाऱ्या गरम चिखलात एक रानगवत उगवायचं. चांगलं हिरवंगार.

"काका, हे गवत कधीपासून आहे इथे?"

गिऱ्हाईकाने कशाकडेही टक लावून पाहिलं की माझं तोंड आपोआप उघडतं. "फार जुनं आहे," मी म्हटलं, "आणि विकायचं नाही." त्याच दुपारी मी त्यावर तणनाशक मारणार होतो.

"इथे काही जगायला नको, काका. हात घालवत नाही एवढं गरम पाणी, वर मीठ."

"जगतंय ना?"

"तेच म्हणतोय. एकटं जगत नसणार."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रानातल्या अशा चिवट झाडांच्या आत, पेशींच्या फटींत, एखादी बुरशी राहते. झाड तिला खायला घालतं आणि तिच्यामुळे झाडाला कठीण दिवस सोसायचं बळ येतं. बाहेरून काही दिसत नाही. आणि कधी कधी अशी बुरशी काढून दुसऱ्या झाडात घातली तर ती तिथेही राखण करते.

"म्हणजे घरजावई," मी म्हटलं.

"छे हो काका, ही काम करते."

मला मोघे त्या दिवशी आवडले. हे लिहायला त्रास होतो, पण आवडले.

त्यांना गवतातली बुरशी काढून टोमॅटोत घालून बघायची होती आणि विद्यापीठाच्या काचघरात जागा नव्हती. माझा एक कप्पा हवा होता. मी विचारलं, "मला काय?"

"काका, रिसर्चमध्ये असं बार्गेन करत नाहीत."

"मग रिसर्चला दुसऱ्याच्या बॉयलरमागे गवत शोधू द्या."

ते हसले, मग बसले. पैशाचं मी काढलंच नाही; विद्यापीठातल्या तरुण माणसाकडे पैसे मागणं म्हणजे उपाशी बैलाकडे दूध मागणं. मी दोन गोष्टी मागितल्या. बुरशी कामाची निघाली तर ती सर्वांत आधी माझ्या रोपांना मिळायची. आणि मला जी द्याल ती कुठून आली, हे माझ्या तोंडावर खरं सांगायचं. दुसरी अट ऐकून ते म्हणाले, "ही काय अट झाली? खरंच सांगणार ना." मी म्हटलं, भाजीबाजारात ही सगळ्यात महाग अट असते.

आमच्याकडे बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. कोणाला दिसत नाही, कागद होत नाही, पण मोडायची कोणाची छाती होत नाही. मी ॲप्रनखाली हात पुढे केला. मोघ्यांनी बोटं धरली. बाजूला आमची शालन ट्रे मोजत होती. ती म्हणाली, "अहो, त्यांना सोडा आता. बैल नाहीत ते."

पहिल्या मोसमात गवतातून बऱ्याच बुरशा निघाल्या. बहुतेक निकामी. एकीने रोपंच खाल्ली. एक मात्र काळपट, हळू वाढणारी, दिसायला अगदी गरीब होती. तिचं बी म्हणजे डोळ्याला न दिसणारी भुकटी. ती पाण्यात कालवायची, रोपांची मुळं त्या पाण्यात बुडवायची आणि रोपं रोगट मातीत लावायची. त्या काळ्या बुरशीच्या पाण्यातली रोपं टिकली.

मोघ्यांनी तेव्हाच मला एक नियम शिकवला. प्रयोगशाळेत बुरशी काचेच्या बशीत, साखर घातलेल्या खळीवर वाढवतात. "तिथे फार दिवस ठेवली ना काका, की ती बदलते. पांढरी, फुगीर, भराभर वाढणारी. बघायला झकास. पण झाडात घातली की नुसती लोळत पडते. म्हणून तिला मधूनमधून परत गवतात घालायची, त्या गरम चिखलात, आणि गवतातून पुन्हा काढायची."

"सासरी धाडायची," शालन म्हणाली.

"अगदी बरोबर, काकू. माहेरी लाड फार होतात."

हा नियम मोघ्यांचा. त्यांनीच शिकवला. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं.

दुसऱ्या वर्षी आम्ही अर्लच्या एका टनेलमध्ये एक ओळ बुरशीची आणि एक ओळ बिनबुरशीची अशी लावली. ऑगस्टमध्ये बिनबुरशीच्या ओळी माना टाकून बसल्या. बुरशीच्या उभ्या होत्या. सगळी झाडं नाही, पण अर्लची गाडी भरेल इतकी. अर्ल टनेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. म्हणाला, "डॅट, तुझ्या माणसाला सांग, पुढच्या वर्षी मधल्या ओळी सोडू नका. मला बघवत नाही." अर्लच्या तोंडून एवढं म्हणजे भाषण झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही मोघ्यांनी तुलनेसाठी मधल्या ओळी सोडल्याच, आणि असंच झालं. तो मक्याचं बोलेनासा झाला.

आता विरजणाकडे येतो.

श्रूजबरीच्या विनयाताईंची मुलगी ॲन आर्बरला शिकत होती. तिच्याकडे आलेल्या विनयाताई माझ्याकडे रोपं घ्यायला आल्या. मोघे तिथेच मुळं बुडवत बसले होते. विनयाताईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "अय्या, म्हणजे विरजणच की! मला द्या ना थोडं."

मोघे म्हणाले, "ते असं बाहेर देता येत नाही हो ताई."

"अहो, चमचाभर द्या. चमचाभराने काय होतंय?"

विद्यापीठाच्या नियमांत चमचाभराचं काय लिहिलं होतं मला माहीत नाही. पण विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हा आपला नियम विद्यापीठाच्या नियमापेक्षा जुना आहे. मोघ्यांनी लोणच्याच्या बाटलीत चमचाभर दिली. मी तिथल्या तिथे ओरडलो, "विनयाताई हिला गवतात घालणार आहेत का?" मोघे हळूच म्हणाले, "काका, जाऊ दे. कुंडीत ओततील आणि विसरतील."

विनयाताई विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी बुरशीला फ्रिजमध्ये ठेवलं, बटाट्याचं पाणी आणि साखर घालून वाढवलं. शेजारणीला दिलं, तिने बहिणीला दिलं. संक्रांतीला श्रूजबरीच्या हळदीकुंकवात छोट्या बरण्यांतून बुरशीचं वाण लुटलं. बरणीला हलव्याचे दाणे आणि रिबीन. शालनने फोनवर ऐकलं आणि मला म्हणाली, "तिळगूळ घ्या, बुरशी बोला." मी जेवण सोडून उठलो.

मग ईमेल येऊ लागल्या. "काका, टोमॅटो सुपर्ब!" "काका, मॅजिक आहे हे!" अहो, असणारच. त्यांनी रोपं लावली दुकानातून आणलेल्या नव्या मातीच्या कुंड्यांत. त्या मातीत मर रोग नसतो. चोर नसलेल्या गल्लीत बसवलेला पहारेकरी होता तो. लोक त्याला पदक देत होते. मी प्रत्येकाला हे उत्तर लिहिलं. त्यांनी मला ईमेल पाठवणं बंद केलं आणि विनयाताईंना पाठवायला लागले.

विनयाताईंचा भाचा अमेय सांता क्लाराला. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा त्याची नोकरी गेली होती. मग दुसरी मिळाली, पण एकदा फुग्यात बसलेल्या माणसाला जमिनीवर चैन पडत नाही. त्याला स्वतःची कंपनी काढायची होती; कशाची, ते ठरत नव्हतं. मावशीच्या फ्रिजने ठरवलं.

तो मोघ्यांबरोबर माझ्याकडे आला. गुडघ्यापर्यंतची चड्डी, कानात फोन.

"काका, यार, तुम्ही सोन्यावर बसलाय आणि टोमॅटो विकताय!"

"बाजूला हो. पाइपवर उभा आहेस."

"नाही, सिरियसली. हे स्केल करायला पाहिजे. टाक्यांमध्ये ग्रो करायचं, बाटल्या भरायच्या, पूर्ण कॅलिफोर्नियात विकायच्या."

"आणि गवत? गवतही टाकीत लावणार?"

त्याने मोघ्यांकडे पाहिलं. मोघे म्हणाले, "ते आपण प्रोटोकॉलमध्ये घालू." तो शब्द मी त्या दिवशी शिकलो. नको असलेली गोष्ट ठेवायची जागा म्हणजे प्रोटोकॉल.

पुढचं मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगतो; मला अंधारात ठेवलं तसं वाचकांना ठेवायची माझी इच्छा नाही. विद्यापीठाच्या वकिलांकडे कागद अडकले. बुरशी विद्यापीठाची, कंपनीला ती वापरायचा हक्क द्यायचा, त्याला महिनोनमहिने लागणार होते. अमेयला थांबवेना. पैसे गुंतवणारे लोक टाक्या बघायला येणार होते आणि टाक्या रिकाम्या होत्या. तेव्हा त्याने मावशीकडून बरणी मागवली. बटाट्याच्या पाण्यावर वाढलेली, फ्रिजमधून फ्रिजमध्ये फिरलेली, हळदीकुंकवाला लुटलेली बुरशी सांता क्लाराच्या टाक्यांत पडली. ती भराभर वाढली. वाढणारच. तोपर्यंत ती दुसरं काहीच करत नव्हती. पुढे वकिलांचे कागद झाले, त्यावर मोघ्यांच्या काळ्या बुरशीचं नाव लागलं. टाकीत काय आहे हे कोणी पाहिलं नाही.

एकाने पाहिलं. मोघे तिथे सल्लागार म्हणून गेले होते. त्यांनी टाकीत डोकावलं.

त्याच सुमारास, शरद ऋतूत, आमच्या मालकिणीने, म्हणजे म्हाताऱ्याच्या बायकोने, जुना बॉयलर काढून नवा बसवायचं काढलं. नव्यातून गरम पाणी बाहेर येणार नव्हतं. मी मोघ्यांना फोन केला. म्हटलं, गवताचं काय करायचं? तुम्ही म्हणत असाल तर बाईशी भांडतो. भांडणाची मला सवय आहे, जुना बॉयलर आणखी वर्षभर चालवायला लावीन.

मोघे म्हणाले, "नको काका, कशाला वाईटपणा? आता गवताची तशी गरज नाही. सगळं फ्रीझरमध्ये सेफ आहे."

मी आयुष्यात कधी नव्हे ते भांडलो नाही. बॉयलर बदलला. त्या हिवाळ्यात चिखल गोठला आणि गवत मेलं. वसंतात तिथे साधं तण उगवलं, कुठेही उगवतं तसलं.

रोपं तयार झाली तेव्हा मोघे बाटल्यांचं खोकं घेऊन आले. बाटलीवर हिरवं पान आणि उगवता सूर्य. पाणी दुधासारखं पांढरं.

"काका, आता युनिव्हर्सिटीतून मला तुम्हाला डायरेक्ट देता येत नाही. हक्क कंपनीकडे गेलेत. हे वापरा."

"ही पांढरी का दिसते?"

"काहीतरी घातलंय त्यांनी टिकण्यासाठी."

"तीच आहे?"

"तीच."

मी त्यांच्याकडे बघत होतो. बाजारात माल बघायचा नसतो, मालवाल्याचे डोळे बघायचे असतात, हे मला लहानपणी शिकवलं होतं. मोघ्यांनी माझ्या डोळ्यांना डोळा दिला. मी बोटं धरलेल्या माणसावर विश्वास ठेवला.

अर्लने त्या वर्षी एकही ओळ मधे सोडली नाही. सगळ्या टनेलमध्ये बापाचं वाण. गॅसही मागवला नाही. मला एवढंच विचारलं, "डॅट, खात्री आहे ना?" मी म्हटलं, आहे.

जुलैमध्ये त्याचा फोन आला. "ये," म्हणाला आणि ठेवला.

दुपारची वेळ होती. टनेलचं प्लास्टिक दोन्ही बाजूंनी वर गुंडाळलेलं. आत ओळीच्या ओळी एका अंगाने माना टाकून उभ्या होत्या. हिरवी फळं अजून दांड्यांवर लटकत होती, मुठीएवढी. अर्लने खिशातला चाकू काढला, एक खोड बुडाशी तिरकं कापलं आणि माझ्या हातात दिलं. तपकिरी कडं.

मी म्हटलं, "कदाचित थोडीच झाडं..."

तो पुढच्या झाडाकडे गेला. कापलं. मग पुढच्या. मी म्हटलं, "अर्ल, पुरे." तो थांबला. चाकू पँटला पुसला.

"तुझ्यावर राग नाही, डॅट," तो म्हणाला. "तुला कोणी सांगितलं, त्याला हे दाखव."

तो माझ्यावर ओरडला असता तर मीही ओरडलो असतो आणि आमचं काहीतरी झालं असतं. त्याने तेवढीही सोय ठेवली नाही.

मी ते खोड घेऊन तसाच विद्यापीठात गेलो. मातीच्या बुटांनी. मोघे कोणाशी तरी बोलत होते. मी टेबलावर खोड ठेवलं. तो माणूस निघून गेला. मोघ्यांनी खोड उचललंही नाही.

"अर्लचं?"

"सगळंच अर्लचं."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "काका, टाकी बघितली तेव्हाच मला वाटलं होतं. ती आपली नव्हती. फारच पांढरी होती."

"वाटलं होतं का कळलं होतं?"

"...कळलं होतं."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"तिथे सगळे उभे होते हो काका. अमेय त्यांना टाक्या दाखवत होता, ते टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, डॉक्टर, दोन शब्द बोला. अशा वेळी काय सांगणार, की ही विनयाताईंची बरणी आहे?"

"हो! तेच सांगायचं! चारच शब्द आहेत ते!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या खोलीतून एक गोरी बाई येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मोघे तिला हसून म्हणाले, "येस, येस, फॅमिली मॅटर."

फॅमिली मॅटर. तो शब्द मला खोडापेक्षा जास्त लागला.

मी विचारलं, "आणि मला? मी विचारलं तेव्हा? मी तर टाळ्या वाजवत नव्हतो."

यावर त्यांनी काही उत्तर दिलं नाही. पुण्याचा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याच्या गप्प बसण्यातही व्याकरण असतं. इथे तेही नव्हतं.

अमेयला फोन केला. "काका, चिल. बायोलॉजीमध्ये व्हेरिएबिलिटी असते. बहुतेक तुमच्या ॲप्लिकेशन मेथडचा इश्यू असेल. मुळं नीट बुडवली होती का?" मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. शालनने फोन हातातून काढून घेतला आणि त्याला एवढंच म्हणाली, "अमेय, तुझ्या मावशीला सांग, वाण परत पाठवतोय."

ते खोकं तिने खरोखरच श्रूजबरीला परत पाठवलं. विनयाताईंनी पोहोचल्याचं कळवलं आणि थँक्यू म्हणाल्या. त्यांना वाटलं भेट आहे.

कंपनी बुडाली नाही. असल्या कंपन्या बुडत नाहीत, बाजूला सरकतात. आता ती बाटली घरातल्या कुंड्यांसाठी विकली जाते, नवीन मातीसाठी. तिथे ती शंभर टक्के यशस्वी आहे. श्रूजबरीचे टोमॅटो अजून सुपर्ब आहेत.

मी अजून रोपं विकतो. जुनी गिऱ्हाइकं येतात, पण आता येतात तेव्हा 'खात्री आहे ना' असं विचारत नाहीत. नम्रपणे संकरित बेसबॉल मागतात. मीही नम्रपणे देतो. माझ्यासारख्या माणसाला नम्रपणा फार महाग पडतो.

काहीजण म्हणतात, काका, मोघे तसे वाईट नाहीत. मला माहीत आहे ते वाईट नाहीत. वाईट माणसाशी सौदा कसा करायचा हे मला बाजाराने शिकवलं होतं. सभ्य माणसाशी कसा करायचा, हे कोणी शिकवलं नाही.

या दिवाळीत मंडळाने मोघ्यांचं व्याख्यान ठेवलं आहे: 'निसर्गाचं शहाणपण'. नंतर प्रश्नोत्तरं नाहीत, फराळ आहे. मी प्रश्न विचारीन या भीतीने प्रश्नोत्तरं काढली, असं समितीतल्या एकाने मला खासगीत सांगितलं. ठीक आहे. प्रश्न इथे छापून देतो. अंक सगळ्यांच्या घरी जातो.

मोघे, ती काळी बुरशी तुमच्या फ्रीझरमध्ये आहे की नाही? असेल, तर त्या जुलैनंतर तुम्ही एकदाही ती बाहेर का काढली नाहीत? ती वकिलांची झाली, हे कारण मला सांगू नका. विनयाताईंना चमचाभर देताना वकील कुठे होते? आणि नसेल, तर मला गवत मरू द्यायला सांगितलंत तेव्हा तुम्हाला ते ठाऊक होतं का?

उत्तर मला देऊ नका. मला दिलंत तर मी भांडेन, तुम्ही हसाल, आणि तो पुन्हा फॅमिली मॅटर होईल. अर्लला द्या. शनिवारी सकाळी तो बाजारात असतो, त्याच जागी. यंदा त्याच्याकडे मक्याची कणसं होती, आता भोपळे असतील. त्याच्यासमोर आता रांग नसते, त्यामुळे तुमचा फार वेळ जाणार नाही. तुमचं नाव सांगा, तुम्हीच तो माणूस हे सांगा, आणि टाकीत डोकावलंत तेव्हा काय दिसलं ते त्याला समजेल अशा इंग्रजीत सांगा.